द्राक्षाच्या सालीचं श्रेय बाटलीला नको

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केट आणि हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. एक बाजू म्हणत होती, द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातात चार पैसे येतील. दुसरी म्हणत होती, साखर आणायला गेलेल्या पोराच्या नजरेसमोर बाटल्या मांडल्या जातील. पुढं हरकती मागवल्या गेल्या, सरकार बदललं, निर्णय कागदावर राहिला. पण या भांडणात एक तिसरा मुद्दा हळूच आत शिरला आणि त्याला कुणी हटकलं नाही. वाइन म्हणजे काही दारू नाही, उलट थोडी रेड वाइन हृदयाला चांगली, असा तो मुद्दा. निर्णय गेला, हे वाक्य मात्र राहिलं.

मराठवाड्यात वाइन नेमानं पिणारा माणूस शोधावा लागतो. वाक्य मात्र बीडपासून नांदेडपर्यंत सगळीकडं पोचलंय. मोबाइलवर येणाऱ्या आरोग्याच्या संदेशांत ते असतं, लग्नाच्या मांडवात बीपी-शुगरच्या गप्पा निघाल्या की असतं. आणि ते बोलणाऱ्याच्या ग्लासात वाइन नसतेच, देशी असते नाहीतर व्हिस्की असते. ‘डॉक्टरच सांगतात, थोडी घेतली तर रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात,’ असं म्हणत बीपीची गोळी चालू असलेला माणूस दुसरा पेग भरतो. फ्रान्समधल्या एका पेयाबद्दल निघालेला अंदाज इथं येईपर्यंत सगळ्या दारूचा परवाना झाला.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना औषधशास्त्र शिकवतो. माझं म्हणणं सरळ आहे. या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच ते इतकं चिवट आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असे पदार्थ आहेत की ज्यांचा रक्तवाहिन्यांवर चांगला परिणाम प्रयोगांत दिसतो. पण तो परिणाम अल्कोहोलचा नाही. तेव्हा आरोग्याच्या नावाखाली वाइनची भलामण कुणीच करू नये. सरकारनं नाही, डॉक्टरांनी नाही, शेतकऱ्यांच्या नावानं बोलणाऱ्यांनीही नाही. त्याच जातीचे पदार्थ आपल्या बांधावर, मळ्यात आणि सुपात आहेत, आणि त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी तो खरा अर्धा भाग. रक्तवाहिनी म्हणजे रबराची नळी, असं चित्र आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेलं असतं. नळीच्या आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एन्डोथेलियम. मराठीत त्याला अंतःस्तर म्हणतात. हा थर म्हणजे नुसतं गुळगुळीत अस्तर, असाच समज बरीच वर्षं होता. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी तो मोडला. प्रयोग आजही आमच्या विषयात तसाच करतात. सशाच्या महाधमनीची दोन-तीन मिलिमीटर रुंदीची कडी कापायची. तिच्यातून बारीक तारेचे दोन आकडे घालायचे, एक खाली पक्का बसवायचा, दुसरा वर ताण मोजणाऱ्या यंत्राला जोडायचा. कडी ३७ अंशांच्या खारट द्रावणात बुडालेली, आणि द्रावणात ऑक्सिजनचे बुडबुडे सतत चाललेले. त्यात नॉरअॅड्रेनालिन टाकलं की कडी आवळते आणि नोंदीची रेघ वर चढते. मग अॅसिटिलकोलीन टाकलं की कडी सैल पडते, रेघ खाली उतरते. पण कापताना कडीची आतली बाजू घासली गेली असेल तर रेघ उतरत नाही, उलट आणखी चढते. घासून निघालेला असतो तो हाच थर. म्हणजे वाहिनीला ‘सैल हो’ हा निरोप आतला थर देतो. फर्चगॉट आणि जॉन झावाड्झ्की यांनी हे १९८० मध्ये छापलं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढच्या काही वर्षांत कळलं, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड म्युराड यांना मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडं कित्येकांच्या खिशात असते. तीही शरीरात जाऊन हाच वायू सोडते.

हा थर निरोगी असला की वाहिनी गरजेप्रमाणं रुंदावते, रक्ताच्या गुठळ्या सहजी चिकटत नाहीत. तंबाखू, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब यांनी तो आधी बिघडतो, हृदयविकाराचा झटका कित्येक वर्षांनी येतो. आपल्याकडं बाया मिश्री लावतात, पुरुष गुटखा खातात आणि दोघांनाही वाटतं की ओढत नाही म्हणजे हृदयाला धोका नाही. तसं नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी याच कडीच्या प्रयोगात, उंदराच्या धमनीवर, वाइन, द्राक्षाचा रस आणि द्राक्षाच्या सालीचा अर्क टाकून पाहिला. कडी सैल पडली. आतला थर काढून टाकलेल्या कडीवर काहीच घडलं नाही. म्हणजे द्राक्षातलं काहीतरी त्या थराला जागं करून नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावत होतं. हे ‘काहीतरी’ म्हणजे पॉलिफेनॉल. झाडं स्वतःच्या संरक्षणासाठी हे पदार्थ साली, बिया, पानांत साठवतात. जांभूळ खाल्लं की जीभ जड होते, कच्चं केळ तोंड आवळतं, ते यांच्यातल्याच टॅनिनांमुळं. लंडनच्या रॉजर कॉर्डर यांच्या गटानं २००१ मध्ये दुसरी बाजू दाखवली. रेड वाइनमधली पॉलिफेनॉल्स एन्डोथेलिन नावाच्या, वाहिनी आवळणाऱ्या पदार्थाची निर्मिती कमी करतात. २००६ मध्ये त्यांनीच सांगितलं की खरं काम प्रोसायनिडिन गटातली पॉलिफेनॉल्स करतात, आणि ती सगळ्या वाइनमध्ये सारखी नसतात. नैऋत्य फ्रान्स आणि सार्डिनियातल्या जुन्या पद्धतीच्या वाइनमध्ये ती जास्त सापडली.

हे पदार्थ रक्तातला ‘गंज’ खरवडून काढतात, असं अजूनही पाकिटांवर छापलेलं असतं. त्या कल्पनेत फारसा दम उरलेला नाही. पोटातून रक्तात पोचणारी मात्रा इतकी थोडी असते की असं सरळ काम तिच्यानं होणं अवघड. बराचसा भाग तर आतड्यातले जीवाणू तोडून-मोडून वेगळाच करून पुढं पाठवतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं अन्नपदार्थांच्या ‘अँटिऑक्सिडंट ताकदी’चा आपला तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण व्यापारी त्याचा जाहिरातीसाठी गैरवापर करत होते आणि ती ताकद माणसाच्या शरीरात काही करते याला आधार नव्हता. ही पॉलिफेनॉल्स थोड्या मात्रेत पेशीला इशारा देतात, एवढंच आज जबाबदारीनं म्हणता येतं.

आता बाटलीकडं येऊ. वाइनमध्ये पॉलिफेनॉल आहे आणि अल्कोहोलही आहे. दोघांना वेगळं केल्याशिवाय श्रेय कुणाचं ते कळणार नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. २०१२ मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रयोगात हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ६७ पुरुष होते. प्रत्येकानं चार आठवडे रेड वाइन, चार आठवडे अल्कोहोल काढून टाकलेली तेवढीच रेड वाइन आणि चार आठवडे जिन, म्हणजे अल्कोहोल आहे पण द्राक्षाची पॉलिफेनॉल्स नाहीत अशी दारू, घेतली. अल्कोहोल काढलेल्या वाइनच्या काळात वरचा रक्तदाब सरासरी ६ च्या आसपास आणि खालचा २ नं उतरला, रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड वाढलं. अल्कोहोलसकटच्या वाइनच्या काळात तसा ठळक उतार दिसला नाही. जिननं तर काहीच साधलं नाही. साल तीच, बी तेच, पॉलिफेनॉल तेवढंच. फरक एकाच गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट आड आली. हा प्रयोग लहान आहे, हे मान्य. पण वाइनच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडं श्रेय वेगळं करून दाखवणारा यापेक्षा मोठा पुरावा असेल तर त्यांनी तो मांडावा. त्याआधी, १९९९ मध्ये, हृदयविकाराच्या १५ रुग्णांना दोन आठवडे जांभळ्या द्राक्षांचा नुसता रस दिला गेला, तेव्हाही त्यांच्या दंडातली धमनी आधीपेक्षा जास्त रुंदावू लागली. त्या रसात अल्कोहोलचा थेंब नव्हता.

वाइनच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. वाइन करताना रस साली-बियांसकट काही दिवस आंबत ठेवतात, आणि तयार होणारं अल्कोहोल त्यातली पॉलिफेनॉल्स ओढून बाहेर काढतं. म्हणून बाजारातल्या गाळलेल्या रसापेक्षा रेड वाइनमध्ये ती जास्त असतात. पण अल्कोहोलनं ती बाहेर काढली म्हणून ती पोटात जाताना सोबत अल्कोहोलही जावं, असं कुठून आलं? साल चावून खायला दात आहेत.

या सगळ्या समजाचा उगम फ्रान्सचा. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर सांगितलं गेलं की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि याचं गुपित रेड वाइन असावं. अमेरिकेत रेड वाइनची विक्री लगोलग वाढली. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जरील यांचा शोधनिबंध आला आणि या कल्पनेला शास्त्राचा शिक्का मिळाला. १९९९ मध्ये माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड या इंग्लंडच्या दोन अभ्यासकांनी त्याची उलटतपासणी केली. फ्रान्समध्ये हृदयविकाराचे मृत्यू दाखल्यांवर कमी नोंदले जात होते. शिवाय चरबीचं खाणं तिथं अलीकडंच वाढलं होतं आणि त्याचा परिणाम दिसायला काही दशकं लागतात. वाइनला द्यायला फारसं काही शिल्लक राहिलं नाही. पण ही उलटतपासणी टीव्हीवर आली नाही.

मग आला रेझव्हेराट्रॉलचा काळ. हे रेड वाइनमधलं एक पॉलिफेनॉल. यीस्टवर आणि उंदरांवर त्याचे परिणाम चांगले दिसले, आणि ग्लॅक्सो कंपनीनं २००८ मध्ये त्यावर काम करणारी एक कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. दोन वर्षांत तिच्या रेझव्हेराट्रॉलच्या औषधाची चाचणी थांबवावी लागली. इटलीच्या कियान्ती भागात, म्हणजे वाइनच्या माहेरीच, ६५ वर्षांवरच्या ७८३ माणसांच्या लघवीतलं रेझव्हेराट्रॉलचं प्रमाण मोजून त्यांच्याकडं वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला की प्रमाण जास्त असलेले लोक काही जास्त जगले नाहीत, त्यांना हृदयविकारही कमी झाला नाही. साधा हिशेब पाहा. काही चाचण्यांत दिवसाला १ ग्रॅम रेझव्हेराट्रॉल दिलं गेलं. लिटरभर रेड वाइनमध्ये ते ५ मिलिग्रॅम धरलं तरी त्यासाठी २०० लिटर वाइन लागेल. कनेटिकट विद्यापीठातले दीपक दास हे या विषयातलं मोठं नाव होतं. त्यांच्या कामात आकडे आणि चित्रं बनावट असल्याचे १४५ प्रकार सापडल्याचं विद्यापीठानं २०१२ मध्ये जाहीर केलं. ती बातमी आपल्याकडं दोन ओळींत आटोपली. रेझव्हेराट्रॉलच्या कॅप्सूल मात्र अजून विकल्या जातात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणारा नाही. हजारो माणसांच्या पाहण्यांत, अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त जगतात असं दिसलंय, त्याचं काय? दिसलंय, हे खरं. पण ‘न पिणारे’ या रकान्यात कोण बसतं ते बघा. तब्येत बिघडली म्हणून ज्यांनी सोडली, तेही त्यात असतात. इंग्लंडच्या शेपर यांनी हे १९८८ मध्येच दाखवून दिलं होतं. शिवाय युरोप-अमेरिकेत जेवताना बेतानं वाइन पिणारा माणूस बहुधा शिकलेला, पैसेवाला, वेळेवर डॉक्टरकडं जाणारा असतो. त्याची तब्येत वाइननं राखली की पगारानं? हा गुंता सोडवायला चीनमध्ये ५ लाखांवर माणसांचा अभ्यास झाला. तिथं अनेकांच्या अंगात अशी जनुकं असतात की दारू त्यांना सोसत नाही, आणि ती जन्मतःच ठरतात, आजारपणावर किंवा पैशावर अवलंबून नसतात. जनुकांच्या आधारे मांडणी केल्यावर ‘थोडी चांगली’चा फायदा नाहीसा झाला. दारू वाढली तसा रक्तदाब आणि पक्षाघात वाढलेला दिसला. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत तर रोज एक पेग हृदयाला चांगला का, हे तपासणारी १० कोटी डॉलरची चाचणी २०१८ मध्ये सुरुवातीलाच बंद करावी लागली. तिचा बराच पैसा मद्यकंपन्यांकडून येणार होता आणि आखणीतच झुकतं माप दिल्याचं चौकशीत निघालं.

वाइनच्या १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतं, जे पेशींना घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला, बसवलं. २०२३ च्या जानेवारीत संघटनेनं स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. त्यात वाइनला सवलत नाही.

राहिला शेतकऱ्याचा मुद्दा. मला त्याची कळकळ कुणापेक्षा कमी नाही. गारपिटीनं झोपलेल्या बागा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना द्राक्षाचं अर्थकारण वेगळं सांगावं लागत नाही. पण मराठवाड्यात जालन्याच्या कडवंचीत शेततळ्यांच्या पाण्यावर उभ्या केलेल्या बागा, किंवा लातूर-धाराशिवकडच्या बागा, यांत काय लावलंय? थॉमसन, सोनाका, माणिक चमन. ही खायची, हिरवी, बिनबियांची द्राक्षं. रेड वाइन होते ती कॅबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ अशा लहान, जाड सालीच्या, बियांच्या काळ्या द्राक्षांची. राज्यानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं तेव्हा वाइन पार्क झाले विंचूरला आणि पलूसला, म्हणजे नाशिक आणि सांगली जिल्ह्यांत. किराणा दुकानात वाइन ठेवल्यानं कडवंचीच्या माणसाच्या माणिक चमनला भाव कसा येणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं, तेव्हा मद्य कारखान्यांचं पाणी कापण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला होता. मराठवाड्यात मद्याच्या धंद्याचा हिशेब मांडताना पाण्याचा हा रकाना गाळून चालत नाही.

आता आपल्या घरात काय आहे ते बघू. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोसंबी-संत्र्याच्या जातीच्या फळांत हेस्पेरिडिन नावाचं पॉलिफेनॉल असतं. फ्रान्समध्ये २०११ साली २४ धडधाकट पण वजनदार पुरुषांवर झालेल्या प्रयोगात रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस किंवा तेवढंच हेस्पेरिडिन चार आठवडे दिल्यावर खालचा रक्तदाब थोडा उतरला आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद सुधारला. हे हेस्पेरिडिन सर्वांत जास्त कुठं असतं? सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पापुद्र्यात. आपण सुरीनं तोच भाग तासून टाकतो. रसवंतीवाला तर फोडी यंत्रात घालतो, गाळणीवर उरलेला चोथा बादलीत जातो आणि आपल्याला मिळतं साखर घातलेलं पाणी. मोसंबी सोलून, पापुद्र्यासकट खाल्ली तर फळ तेच, पैसे कमी, गुण जास्त.

शेंगदाण्याचंही तसंच. दाण्यावरच्या लाल सालीत प्रोसायनिडिन असतं, म्हणजे कॉर्डर यांना वाइनमध्ये ज्याचं महत्त्व वाटलं त्याच गटातलं. आपल्या घरी काय होतं? दाणे खमंग भाजायचे, गार झाले की तळव्यांत चोळायचे, सुपात घेऊन अंगणात पाखडायचे. लाल साली वाऱ्यावर उडून कोंबड्यांपुढं पडतात आणि कूट पांढराशुभ्र होतो. चटणीला तो दिसायला छान, पण साल ठेवून कुटलेल्या चटणीची चव मला तरी जास्त खमंग वाटते.

आणि अंबाडी. ज्वारीच्या, कापसाच्या कडेनं आपोआप यावी तशी वाढणारी. पानांची भाजी कण्या घालून आपण आवडीनं खातो, लाल बोंडं मात्र बहुतेक शेतांत तशीच वाळून जातात. याच लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा अमेरिकेत ६५ माणसांवर तपासला गेला, २०१० मध्ये. दिवसाला तीन कप, सहा आठवडे. वरचा रक्तदाब सरासरी ७ नं उतरला, नुसतं रंगीत-सुगंधी पाणी पिणाऱ्यांचा १ च्या आसपास. बार्सिलोनाच्या प्रयोगाशेजारी हा आकडा ठेवून बघा. एका बाजूला हजार-दीड हजारांची बाटली, दुसऱ्या बाजूला बांधावर फुकट उभं असलेलं झाड. परभणीच्या कृषी विद्यापीठानं जैवसमृद्ध ज्वारीचं परभणी शक्ती हे वाण दिलं. अंबाडीच्या बोंडांकडं, त्यांच्या वाळवणीकडं, महिला बचत गटांनी करता येईल अशा प्रक्रियेकडंही त्यांनी तितक्याच गांभीर्यानं बघावं, असं मला वाटतं.

ज्वारीबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे. लाल ज्वारीत टॅनिनं आणि रंगद्रव्यं भरपूर असतात. आपल्या पांढऱ्या मालदांडीत तितकी नसतात. भाकरीचे गुण तंतू आणि खनिजांचे आहेत, तिला उगाच वाइनच्या पंक्तीला बसवायचं कारण नाही. चहाचं सांगायचं तर बर्लिनच्या २००७ च्या प्रयोगात १६ स्त्रियांमध्ये काळ्या चहानं धमनी जास्त रुंदावली आणि दूध घातल्यावर तो फायदा गेला. सगळ्या प्रयोगांत असंच दिसलेलं नाही, पण दिवसातला एखादा कप कोरा, बिनसाखरेचा घ्यायला हरकत नसावी.

एवढं लिहिल्यावर कुणी म्हणेल, वाइनवाल्यांनी जे केलं तेच तुम्ही अंबाडीचं करताय. म्हणून हेही सांगतो. कोकोतल्या पॉलिफेनॉलची आजवरची मोठी चाचणी अमेरिकेत २१,४४२ माणसांवर झाली आणि २०२२ मध्ये तिचा निकाल आला. रोज ५०० मिलिग्रॅम देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. आशा वाटावी असं आहे, पण औषध म्हणावं असं नाही. म्हणून पॉलिफेनॉलच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत, आणि अंबाडीचा काढा सुरू केला म्हणून बीपीची गोळी तर मुळीच सोडू नये. काढा रोज घ्यायचा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. यातल्या बहुतेकांना गरज आहे ती बीपी मोजून घेण्याची, मीठ कमी करण्याची, गोळी न चुकवण्याची. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी फुकट मिळते. फळं, दाणे, भाज्या सालीसकट खाणं हे याच्या जोडीला, याच्या जागी नाही.

कायद्याची गंमत नाही, गांभीर्य बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा कोणताही दावा छापायला बंदी आहे, उलट मद्यपान आरोग्याला अपायकारक आहे हा इशारा छापावाच लागतो. जे बाटलीवर छापता येत नाही ते मंत्र्यानं माइकवरून बोलावं, वाइन महोत्सवाच्या पत्रकात यावं, वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत यावं, हे कसं चालतं? बाटलीला लावलेला नियम व्यासपीठालाही लावा, एवढीच माझी मागणी आहे. वाइन विकायची की नाही हा महसुलाचा, शेतीचा, परवान्यांचा प्रश्न म्हणून खुशाल चर्चेला घ्या. त्यात हृदय ओढू नका.

कारण त्याची किंमत कुठं मोजली जाते ते गावात दिसतं. दारूचं दुकान बंद करायचं तर बायांना मतपत्रिकेवरच्या ‘आडवी बाटली’ या चिन्हावर शिक्का मारावा लागतो, आणि नुसत्या आलेल्यांतल्या नाही, गावातल्या एकूण स्त्री मतदारांतल्या निम्म्याहून अधिक मतं पडावी लागतात. बीडमधल्या कित्येक गावांतल्या बाया सहा महिने ऊसतोडीला कारखान्यावर असतात. त्यांचं न पडलेलं मत दुकानाच्या पारड्यात जातं. अशा मतदानाआधी पारावर जे बोललं जातं त्यात ‘थोडी औषधासारखी असते’ हे हमखास असतं. गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना, ज्यांतले बरेचसे आमच्याच कॉलेजांतून शिकून गेलेत, माझं सांगणं आहे की पेशंटनं ‘थोडी चालते का?’ असं विचारलं तर हसून विषय बदलू नका. नाही म्हणा, आणि आज बीपी किती आहे ते मोजून कागदावर लिहून द्या.